दातवालीची फेरी

तिला तळ्याकाठच्या सगळ्या बंदरांत दातवाली म्हणत. तिला हे नाव मुळीच आवडायचं नाही, कारण नवख्या माणसाला वाटायचं, बाईचे दात पुढे असणार. तसं काही नव्हतं. तिचे दात एकसारखे होते आणि स्वतःचे होते. धंदा तेवढा दुसऱ्यांच्या दातांचा होता. तिचा नवरा कवळ्या घडवायचा आणि ती त्या बोटीने गावोगाव नेऊन लोकांच्या तोंडात बसवायची.

तळं मोठं होतं. नकाशावर त्याला सरोवर म्हटलेलं होतं, पण काठावर जन्मलेला कुणी तो शब्द उच्चारत नसे. समोरचा काठ दिसायचा नाही, मध्ये गेलं की चारी बाजूंना नुसतं पाणी, तरी सगळे त्याला तळंच म्हणत. या अपमानाचा राग आल्यासारखं ते अधूनमधून उसळायचं आणि धक्क्याला बांधलेल्या होड्या एकमेकींवर आपटायचं.

बोट तिच्या वडिलांची. ते विटा वाहायचे. ते गेल्यावर वाटणी झाली तेव्हा भावाने घर ठेवून घेतलं आणि हिच्या गळ्यात बोट मारली. मग बहिणीला फसवलं म्हणून त्याला कित्येक वर्षं वाईट वाटत राहिलं. तिनेही त्याला खुशाल वाईट वाटू दिलं. प्रत्यक्षात तिला ते घर फुकट दिलं असतं तरी नको होतं. लहानपणापासून ती विटांच्या ढिगावर बसून बंदरामागून बंदर बघत हिंडली होती, आणि एका जागी उभ्या राहणाऱ्या वस्तूंवर तिचा फारसा विश्वास नव्हता.

नवऱ्याचं आणि पाण्याचं वाकडं होतं. धक्क्यावर उभं राहून डुलणारी बोट बघितली तरी त्याच्या पोटात ढवळायचं. लग्नानंतर हौसेने ती त्याला एकदा तळ्यात फिरवायला घेऊन गेली होती. त्या दिवशी माशांची चंगळ झाली, एवढं सांगितलं तरी पुरे. तेव्हापासून कामाची विभागणी आपोआप ठरली. तो घरातल्या मागच्या खोलीत प्लॅस्टरचे साचे, गुलाबी हिरड्या आणि दातांचे डबे घेऊन बसायचा. फळीवर ओळीने अख्ख्या पंचक्रोशीचे जबडे मांडलेले असायचे. पाहुणे आले की ती त्या खोलीचं दार लोटून घ्यायची. एकदा तिच्या नणंदेने चुकून ते उघडलं होतं आणि मग तिला पाणी पाजावं लागलं होतं.

बोटीवर केबिनच्या मागे एक जुनी न्हाव्याची खुर्ची होती, डेकला बोल्टांनी घट्ट बसवलेली. गिऱ्हाईक धक्क्यावरून फळीवरून चालत यायचं आणि त्या खुर्चीत बसायचं. दातवाली कवळी बसवायची, दातांमध्ये निळा कागद धरून चावायला लावायची, जिथे निळा डाग जास्त उमटेल तिथे कानस फिरवायची आणि पुन्हा चावायला लावायची. शेवटची परीक्षा मक्याच्या उकडलेल्या कणसाची. कणीस खाता आलं की काम संपलं. बोट डुलत असल्यामुळे कधी तिच्या हाताचं बोट चावलं जायचं, कधी शिवी ऐकू यायची, पण तोंडात कवळी असली की शिवी अस्पष्ट येते, आणि ती ऐकू न आल्यासारखं करायची.

एका बंदरावरून दुसऱ्या बंदरावर जाण्यातच तिचा खरा जीव होता. हे तिने नवऱ्याला कधी सांगितलं नाही. त्याच्यासमोर ती कंबर धरून कण्हायची, "मेले ते हेलपाटे" म्हणायची. आणि धक्का नजरेआड झाला की चपला भिरकावून सुकाणूपाशी पाय वर घेऊन बसायची, बेसूर गायची, शेंगदाणे खायची आणि टरफलं वाऱ्यावर सोडायची. उन्हाळ्यात पांढऱ्या पँटी घातलेले हौशी लोक चकचकीत बोटींमधून याच पाण्यावर हिंडायला यायचे आणि लांबून हिला हात करायचे. बिचारी म्हातारी पोटासाठी राबते आहे, असा भाव असायचा त्यांच्या तोंडावर. तीही तोंड पाडून हात करायची. बरं वाटायचं त्यांना.

तिच्या गिऱ्हाइकांत दोन भाऊ होते. थोरल्याचं एका बंदरावर दोरखंडांचं दुकान होतं, धाकट्याचा पुढच्या बंदरावर बर्फाचा कारखाना. मध्ये तासाभराचं पाणी. हे दोघे एकमेकांशी बोलत नव्हते, आणि कारण असं की बहिणीच्या लग्नात घरच्यांचा फोटो काढला तेव्हा थोरल्याचं डोकं धाकट्याच्या तोंडासमोर आलं. फोटोत धाकट्याचे फक्त दोन कान दिसतात, तेही थोरल्याचेच असावेत असे चिकटलेले. बहिणीला नातवंडं झाली, लग्न लावणारे गेले, फोटो काढणारा गेला, पण भांडण ठणठणीत होतं.

एका फेरीत दोघांनीही कवळ्या दुरुस्तीला दिल्या. थोरल्याच्या कवळीला चीर गेली होती आणि धाकट्याची सैल झाली होती. नवऱ्याने दोन्ही ठाकठीक करून दोन डब्यांत घालून दिल्या. परत निघाली तेव्हा आभाळ साफ होतं, पण काठावरच्या चिमणीच्या टेकाडाला वळसा घातला आणि वाऱ्याने गाठलं. एका लाटेसरशी केबिनमधला खण धाडकन बाहेर आला, डबे उघडले, आणि तिने वळून बघितलं तर दोन्ही कवळ्या लाकडी जमिनीवर पडून एकमेकींकडे बघून हसत होत्या. त्यांचे मालक कित्येक वर्षांत एवढे जवळ आले नव्हते.

एका हाताने सुकाणू सांभाळत तिने त्या उचलल्या, धुतल्या आणि अंदाजाने डब्यांत टाकल्या. दोन भाऊ, एकच जबडा, वरून बघता फरक तो काय. एरवी खुर्चीत बसवून नीट तपासलं असतं तर चूक लगेच कळली असती. पण त्या दिवशी धक्क्याला बोट लावून ठेवणं शक्यच नव्हतं. तिने थोरल्याच्या हातात लांबूनच डबा दिला, पुढे धाकट्याच्या एका कामगाराच्या हातात दुसरा दिला आणि घराकडे पळ काढला.

पुढच्या फेरीला ती दोरखंडांच्या दुकानात शिरली तेव्हा थोरला गल्ल्यामागे बसला होता. त्याचे गाल आत गेले होते आणि वरचा ओठ कुणीतरी आतून ढकलल्यासारखा पुढे आला होता. समोर वाटीत दुधात भिजवलेला पाव होता.

"काय काका, कशी बसली?"

"शुरेख," थोरला म्हणाला आणि शिट्टी वाजल्यासारखा आवाज आला.

"बघू तोंड."

त्याने नाइलाजाने तोंड उघडलं. कवळीच्या मागच्या कडेला एक खाच होती. धाकट्याच्या जिभेला लागत होतं म्हणून ती खाच तिने स्वतः घासली होती. दातवाली जवळच्या दोराच्या वेटोळ्यावर बसली.

"काका, चूक माझी झाली. ही कवळी तुमची नव्हे."

"मला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"त्याची आहे. तंबाखूचा वाश येतो."

"अहो, मग द्या की काढून. मी आत्ता जाऊन बदलून आणते."

थोरल्याने पाव चमच्याने वाटीत दाबला. "आधी त्याने द्यावी."

तिने समजावलं, हात जोडले, चूक कबूल करून झाली होती ती पुन्हा केली. थोरला हलेना. भावाला आपली गरज आहे असं भावाला कळता कामा नये, या एका मुद्द्यावर तो पोट खपाटीला जाईतो ठाम होता.

बर्फाच्या कारखान्यात निराळाच तमाशा. थोरल्याची कवळी धाकट्याला मोठी होत होती, त्यामुळे त्याचं तोंड मिटत नव्हतं आणि माणूस अष्टौप्रहर हसतो आहे असं दिसत होतं. जन्मभर ज्याने कपाळाला आठी घालून कारखाना चालवला तो मालक असा प्रसन्न बघून कामगारांनी संधी साधली होती. निम्मे जण रजेवर होते. धाकटा हसऱ्या तोंडाने बर्फाच्या लाद्यांपुढे उभा राहून शिव्या घालत होता आणि उरलेल्यांपैकी कुणी मनावर घेत नव्हतं.

"ही तुमच्या दादांची आहे," ती म्हणाली.

"न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"मग काढा."

"आधी त्याला काढू दे. तो मोठा ना? दाखवू दे एकदा मोठेपणा."

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने कानस खाली ठेवली. त्याला तिच्या चुकीचा राग आला नव्हता. आपलं काम चुकीच्या तोंडांत हिंडतं आहे, या विचाराने तो कासावीस झाला होता.

"अगं, मी दोघांना नव्या करून देतो. साचे आहेत माझ्याकडे."

"विचारलं मी. म्हणतात, स्वतःची असताना दुसरी कशाला."

"स्वतःची कुठे आहे पण?"

"ते तुम्ही त्यांना जाऊन विचारा."

बोटीने जायचं या नुसत्या विचाराने त्याने पोटावर हात ठेवला आणि विषय संपला.

पुढचे काही आठवडे दातवालीच्या नाकी नऊ आले. थोरला म्हणे, सांग त्याला, माझे दात त्याच्या तोंडाला शोभत नाहीत. धाकटा म्हणे, सांग त्याला, त्याच्या दातांनी मी बर्फ फोडतो. दुसऱ्या फेरीला थोरला म्हणे, फोडेना का, दात कुणाचे आहेत. हे निरोप तासभर पाण्यावरून वाहून न्यायचे म्हणजे वडिलांच्या विटा बऱ्या. तिचं गाणं बंद झालं. शेंगदाण्यांवरची वासना उडाली. इतर गिऱ्हाइकंही बोलायला लागली, की बाई, आमची तरी आमचीच आहे ना, एकदा नीट बघ. एका आजींनी तर नवऱ्याच्या तोंडातून कवळी काढून स्वतः लावून बघितली आणि मग समाधानाने परत दिली.

शेवटी तिचं डोकं फिरलं. तिने थोरल्याला जाऊन सांगितलं, "परवा दुपारी बोटीवर या. तळ्याच्या मधोमध दोघांच्या कवळ्या बदलून देते. तुमचे धाकटे म्हणत होते, दादाची काही यायची हिंमत होणार नाही." धाकट्याला जाऊन सांगितलं, "तुमचे दादा म्हणतात, तो घाबरट आहे, यायचा नाही." दोघांपैकी कुणीही असलं काही म्हणालं नव्हतं. पण इतकी वर्षं ते एकमेकांबद्दल जे म्हणत आले होते त्या मानाने हे सौम्यच होतं, आणि खोटं बोलल्याची टोचणी तिला लागली नाही.

ठरलेल्या दुपारी दोघेही आले. थोरला आधी चढला आणि खुर्ची बळकावून बसला. धाकटा पुढच्या बंदरावर चढला, खुर्ची भरलेली बघून बोटीच्या टोकाला गेला आणि पाण्याकडे तोंड करून उभा राहिला. तिने बोट आत नेली. काठ पुसट झाला, मग दिसेनासा झाला. तिने इंजिन बंद केलं. पाणी सपाट होतं, आणि एवढ्या मोठ्या शांततेत थोरल्याच्या श्वासाची शिट्टी तेवढी ऐकू येत होती.

"आता काढा," ती म्हणाली.

"आधी त्याने."

"आधी त्याने," टोकावरून आवाज आला.

"मी तीन म्हणते. तिनाला दोघांनी काढायची."

तिने तीन म्हटलं. कुणी हललं नाही. पुन्हा म्हटलं. दोघांनी तोंडाकडे हात नेले, एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघितलं आणि हात खाली घेतले.

"बरं," ती म्हणाली, "मला काही घाई नाही."

ती केबिनमध्ये गेली, स्टोव्ह पेटवला आणि कणसं उकडायला टाकली. वास डेकभर पसरला. मग एक कणीस घेऊन ती दोघांच्या मध्ये एका खोक्यावर येऊन बसली, त्याला मीठ चोळलं आणि एका कडेने खायला लागली. ती सावकाश खात होती. ओळीमागून ओळ. दाणा फुटल्याचा आवाज यायचा आणि थोरल्याचा कंठ वरखाली व्हायचा. तो आठवड्यामागून आठवडे दूध-पावावर होता. धाकटाही काही फार सुखात नव्हता, बर्फ फोडण्याच्या गोष्टी बाहेरच्यांसाठी होत्या. तो पाण्याकडे बघायचं विसरून कणसाकडे बघत होता.

तिने दुसरं कणीस उचललं तेव्हा कुणी तीन म्हणायची गरज उरली नाही. दोघांनी एकाच झटक्यात कवळ्या काढल्या आणि तिच्यापुढे धरल्या.

ती कवळ्या बादलीत धूत होती तेव्हा मागे काहीतरी आवाज झाला. तिने वळून बघितलं. धाकटा टोकावरून खाली आला होता आणि खुर्चीसमोर उभा राहून थोरल्याच्या तोंडाच्या बोळक्याकडे टक लावून बघत होता.

"आई," तो म्हणाला.

"काय?" थोरल्याने विचारलं. कित्येक वर्षांनी भावाशी बोललेला त्याचा हा पहिला शब्द.

"तू अगदी आईशारखा दिशतोश."

थोरल्याने स्वतःच्या गालांवरून हात फिरवला. "आईला मिशा नव्हत्या."

"शेवटी शेवटी थोड्या आल्या होत्या."

थोरला विचारात पडला. "आल्या होत्या खऱ्या," तो म्हणाला, आणि मग त्याच्या पोटातून कुठून तरी हसू वर आलं. दात नसलेलं हसू आवरता येत नाही, ते सगळीकडून गळतं. धाकटाही खुर्चीचा हात धरून हसायला लागला. दोघांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते कशाचं हे विचारायच्या भानगडीत दातवाली पडली नाही. तिने नीट खाच बघून ज्याची त्याला कवळी दिली, निळा कागद चावायला लावला आणि हातात कणीस ठेवलं. दोघांनी उरलेली सगळी कणसं संपवली. तिच्या रात्रीच्या जेवणाचीही.

काठ दिसायला लागला तेव्हा फोटोचा विषय निघाला.

"मी मुद्दाम डोकं मध्ये घातलं नव्हतं," थोरला म्हणाला. "कुणीतरी मागून दादा म्हणून हाक मारली, म्हणून मी वळलो."

"मीच मारली."

"तू? कशाला?"

"डोकं मध्ये येत होतं म्हणून."

"म्हणजे चूक तुझीच की."

"माझी? आधीपासून येत होतं म्हणून तर हाक मारली."

धाकट्याचा धक्का लागला तरी हे चालूच होतं. धाकटा उतरायचं सोडून तसाच थोरल्याच्या बंदरापर्यंत आला, आणि अंधार पडायच्या आत तिला त्याला पुन्हा परत सोडावं लागलं.

त्यानंतर जे झालं त्याची तिने कल्पना केली नव्हती. दोघांना भांडायला जागा सापडली. तिची फेरी असली की थोरला सकाळीच पिशवी घेऊन धक्क्यावर उभा, पुढे धाकटा चढायचा, आणि मग फोटोपासून ते लहानपणी होडी कुणी बुडवली तिथपर्यंत एकेक प्रकरण बाहेर निघायचं. निकाल कशाचाच लागायचा नाही. खुर्चीवर गिऱ्हाईक बसलं असलं तरी हे त्याला साक्षीला बोलवायचे, आणि त्या बिचाऱ्याच्या तोंडात निळा कागद असायचा. दातवालीला आता गाता येत नव्हतं, पाय वर घेऊन बसता येत नव्हतं. चपला घालून, पदर सावरून बाईमाणसासारखं बसावं लागे. कधी कधी तिला मनापासून वाटे, की कवळ्या अदलाबदल झालेल्या होत्या तेच बरं होतं. हे तिने नवऱ्यालाही बोलून दाखवलं. तो हसला आणि म्हणाला, "मग पुन्हा घाल डब्यांत हात." त्याने मात्र तेव्हापासून प्रत्येक कवळीच्या आतल्या बाजूला अक्षर कोरायला सुरुवात केली.

असे काही उन्हाळे गेले. मग एका फेरीला थोरला धक्क्यावर दिसला नाही. दुकान बंद होतं. शेजारच्याने सांगितलं, छातीत पाणी झालंय, डॉक्टर येऊन गेला, फार दिवस काढेल असं वाटत नाही. तिने कुणाला खुर्चीत बसवलं नाही, दोर सोडला आणि थेट बर्फाच्या कारखान्याकडे निघाली.

वारा वाढला होता. हौशी बोटी केव्हाच बंदरात जाऊन बसल्या होत्या. धाकटा चढला तो काही न विचारता खुर्चीत बसला. आजवर तो त्या खुर्चीत बसला होता तो फक्त दातांसाठी. एरवी ती थोरल्याची. लाटा डेकवर यायला लागल्या. तिने एक जुनी ताडपत्री त्याच्यावर टाकली आणि त्याने ती हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

"जोरात चालव," तो म्हणाला.

"जोरात गेलं तर बुडू."

"बुडू दे."

"तुमचं ठीक आहे. माझ्या नवऱ्याला स्वयंपाक येत नाही."

थोड्या वेळाने तिने त्याच्या हातात शेंगदाण्यांची पुडी दिली. तो काहीतरी करायचं म्हणून खात राहिला आणि टरफलं तिच्यासारखीच वाऱ्यावर सोडत राहिला. ती उलटून त्याच्याच तोंडावर येत होती. एकदा त्याने विचारलं, "होडी मीच बुडवली होती. त्याला सांगू का?"

"सांगा की."

"मग तो जिंकेल."

समोर बंदराची भिंत दिसायला लागली होती आणि बोट दगडावर न आपटता आत घालायची होती.

थोरल्याची खोली दुकानाच्या वर होती. जिना अरुंद, दोरांच्या वेटोळ्यांनी अर्धा भरलेला. ती धाकट्याला मागून ढकलतच वर घेऊन गेली. थोरला उशीला टेकून पडला होता. कवळी बाजूच्या पेल्यात होती. भावाला बघून त्याने डोळे बारीक केले.

"उशीर केलास."

"लाटा होत्या."

"तेवढ्याने काय होतंय? मी असतो तर आलो असतो."

"तू? तू होडीत बसलास की..." धाकटा म्हणाला आणि मध्येच थांबला. त्याने पलंगाजवळ स्टूल ओढलं, ओले बूट काढले आणि थोरल्याच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. "होडीचं एक सांगायचं होतं तुला," तो म्हणाला.

दातवाली जिन्यापर्यंत मागे सरकली. तिथून शब्द ऐकू येत नव्हते. थोड्या वेळाने थोरल्याचा आवाज चढला, मग खोकला, मग पुन्हा आवाज. भांडण नीट चाललेलं होतं.

ती खाली आली. धक्क्यावर वारा जरा पडला होता. बोटीत गुडघाभर नाही पण घोटाभर पाणी साठलं होतं, ते तिने डब्याने उपसून टाकलं. धाकट्याला परत न्यायला थांबावं का, असा विचार तिने केला. मग तिला बर्फाच्या कारखान्यापलीकडच्या बंदरावरची शिंपीणबाई आठवली. ती खालची कवळी दुरुस्तीला देऊन गेली होती आणि सकाळपासून उपाशीपोटी धक्क्यावर बसली असणार, आणि ती बाई तोंडाची फार फाटकी होती. धाकट्याला आज परत जायचं होतं असंही काही दिसत नव्हतं.

तिने दोर सोडला, इंजिन चालू केलं आणि भिंतीच्या बाहेर पडल्यावर ओल्या चपला काढून ठेवल्या.